लाकूड, पाणी आणि तिसरं काहीतरी

कात्रिनेल पोलंडहून परतली ती घरी न जाता स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत आली. चाकांची बॅग दारातच सोडली, अंगातला कोटही काढला नाही, आणि मी बाटल्या धूत होते त्या बेसिनपाशी येऊन उभी राहिली.

"झम्फिरामावशी, ते उभंच राहिलं नाही."

"काय उभं राहिलं नाही?"

"आपलं जेल. सगळ्यांच्या समोर. साचा उचलला आणि टेबलभर पसरलं. कोणाच्या तरी हातून सूप सांडावं तसं."

मला आधी हसूच आलं. मग तिचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे पडले होते. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, पाच वर्षं आमच्याकडे डॉक्टरेटसाठी खपत होती, तीन महिन्यांवर तोंडी परीक्षा आली होती. मी तिला रडताना एकदाच पाहिलं होतं, तिचे आजोबा गेले तेव्हा. आता ती रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडे गेली होती.

"तीनदा केलं," ती म्हणाली. "तिन्ही वेळा तेच. मावशी, तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर वोयनार माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं मी त्यांच्या कपाटातून काही चोरलंय."

रोमानियातल्या याश शहराच्या या संस्थेत मी सव्वीस वर्षं आहे. माझं काम भांडी धुणं, द्रावणं करणं, यंत्रं चालू ठेवणं. मी शास्त्रज्ञ नाही, पण सव्वीस वर्षं तेच ते ऐकून आणि हाताळून जेवढं कळतं तेवढं कळतं. आमचं जेल म्हणजे शंभर ग्रॅममधलं एक ग्रॅम बीच झाडाचं लाकूड आणि उरलेलं नव्व्याण्णव ग्रॅम पाणी. लाकडाचा लगदा इतका बारीक करायचा की त्यातले सेल्युलोजचे तंतू डोळ्यांना दिसेनासे होतात. ते पाण्यात फेटायचे, तासभर गरम ठेवायचे, हळूहळू थंड करायचे. तीन तासांनी साचा काढला की समोर काचेसारखी स्वच्छ वडी उभी. बोटाने दाबली की दबते, बोट काढलं की पुन्हा वर येते. हातात धरलं की विश्वास बसत नाही की आपण जवळजवळ नुसतं पाणीच धरलंय.

हे आमच्या सरांचं काम. प्राध्यापक ऑक्ताव ह्रिस्कू. दुसऱ्यांना असं जेल करायला काही ना काही रसायन घालावं लागायचं, तंतू एकमेकांना बांधायला. सर काही घालत नसत. ते म्हणायचे, नीट तापवलं आणि नीट थंड केलं की तंतू आपणहून एकमेकांत गुंततात. "लाकूड आणि पाणी. तिसरं काही नाही." हे वाक्य ते प्रत्येक भाषणात म्हणायचे, तर्जनी वर करून. त्या एका वाक्यावर सात शोधनिबंध निघाले होते. त्याच वाक्यामुळे गावातल्या इस्पितळाने भाजलेल्या रुग्णांच्या जखमेवर हे जेल लावून बघायला होकार दिला होता. थंड, ओलं, चिकटत नाही, आणि आत काही परकं नाही.

पाण्याबद्दल तर सर तासन् तास बोलत. तंतूला अगदी लगटून जे पाणी असतं ते फ्रीजरमध्ये ठेवलं तरी गोठत नाही. त्यापलीकडचं पाणी मोकळं फिरतं. पाणी गेलं की तंतू एकमेकांवर कोसळतात आणि असे चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. हे मी स्वतःही बघितलंय. एका ईस्टरच्या सुट्टीत मी एक ट्रे झाकायला विसरले. परत आले तर तळाशी पातळ कागद. पंधरा दिवस भिजत ठेवला, कागदाचं जेल काही झालं नाही. सरांनी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता, विद्यार्थ्यांना दाखवायला.

तर त्या सोमवारी सर आले, कात्रिनेलने सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "कर. आत्ता. माझ्यासमोर."

तिने केलं. दुपारी साचा उचलला. वडी उभी राहिली, नेहमीसारखी, कडा धारदार.

मला वाटलं, सर खूश होतील. त्यांचा आवाज उलट बर्फासारखा झाला.

"म्हणजे पद्धत बरोबर आहे. तिथे तू चुकलीस."

"सर, मी चुकले नाही. तंतू मी इथूनच बरणीत घेऊन गेले होते. थर्मामीटर इथलं. घड्याळ माझं. साचेसुद्धा आपलेच. फक्त पाणी तिथलं होतं."

"पाणी म्हणजे पाणीच ना! का पोलंडच्या पाण्यात भूत आहे?"

"मी कुठे तसं म्हणतेय..."

"तिकडे आता काय बोलतील ठाऊक आहे? ह्रिस्कूने आठ वर्षं थापा मारल्या. आणि कोणामुळे? ज्या मुलीला एक तास तापमान सांभाळता आलं नाही तिच्यामुळे!"

कात्रिनेलने बॅग उचलली आणि निघून गेली. सरांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी एकटीच उरले. हातात ओली बाटली. आणि कानात तिचं ते एकच वाक्य. फक्त पाणी तिथलं होतं.

आमचं शुद्ध पाण्याचं यंत्र बेसिनच्या डाव्या बाजूला भिंतीवर आहे. नळाचं पाणी एका बाजूने आत जातं, दोन फिल्टरमधून फिरतं, दुसऱ्या बाजूने शुद्ध होऊन बाहेर येतं. पुढच्या बाजूला एक छोटी खिडकी आहे, पाणी किती शुद्ध ते दाखवणारी. त्या खिडकीवर राखाडी चिकटपट्टी होती. सगळ्यांना वाटायचं पाणी उडू नये म्हणून लावलीय. लावली होती मी. का लावली ते मी स्वतः विसरून गेले होते. खरंच विसरले होते. हे कोणाला पटत नाही, पण तसंच आहे.

मी नखाने पट्टी सोलली. आत लाल दिवा लागलेला होता. नुसता लागलेला नाही, मंद झालेला, म्हातारा झालेला लाल दिवा.

मग सगळं आठवलं. फिल्टर संपले होते. यंत्र दिवसभर टिंव टिंव करायचं. मी सरांना सांगितलं होतं, "सर, फिल्टर बदलायला हवेत." सर म्हणाले होते, "मागणीचं पत्र वर पाठवलंय. तोवर चालवून घ्या." मी आवाजाची तार काढली, दिव्यावर पट्टी लावली. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न होता. पत्राचं पुढे काय झालं कोणास ठाऊक. मी परत विचारलं नाही. पाणी येत होतं, पारदर्शक होतं, चालत होतं.

मला प्रत्येक गोष्टीवर तारीख टाकायची सवय आहे. पट्टीच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: १४ सप्टेंबर २०१०. आणि आम्ही २०१८च्या मार्चमध्ये होतो.

मी स्टुलावर बसले. मग उठले आणि कपाटातून जुन्या वह्या काढल्या. सरांची पहिली वडी उभी राहिली तो दिवस सगळ्या संस्थेला पाठ आहे, त्या दिवशी सरांनी सगळ्यांना चेरीचे केक खायला घातले होते. पण मला कागदावर बघायचं होतं. २२ सप्टेंबर २०१०. त्याआधीची पानं उलटली. ऑगस्ट, जुलै, जून. सगळीकडे सरांच्या अक्षरात एकच शेरा: "वाहते." "वाहते." "वाहते."

आमच्या गावाचं पाणी जड आहे. किटलीत दोन महिन्यांत पांढरा थर बसतो, खरवडून काढावा लागतो. तो चुना, म्हणजे कॅल्शियम. तंतूंना बांधायला इतर लोक जी रसायनं घालतात त्यातलं एक कॅल्शियमच असतं, एवढं मला ठाऊक होतं.

मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. वाटेत पेट्रोल पंपावरून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं, एक लिटर. तंतू मोजले, फेटले, तापवले, थंड केले. सव्वीस वर्षांत मी हे इतक्यांदा पाहिलंय की माझे हात चुकत नाहीत. कात्रिनेल त्या दिवशी आली नाही, सर मीटिंगमध्ये होते. अकरा वाजता साचा उचलला.

ते माझ्या बोटांवरून वाहिलं. मनगटावरून बाहीत गेलं. मी तशीच उभी राहिले, बाही भिजत होती, आणि मला एवढंच कळत होतं की आठ वर्षं वडी मी उभी करत होते. सरांनी नाही, तंतूंनी नाही. मी, नळाच्या पाण्याने.

आता खरं म्हणजे मी लगेच सरांच्या खोलीत जायला हवं होतं. मी नाही गेले. मी टेबल पुसलं, बाटली पिशवीत घातली, पट्टी पुन्हा दिव्यावर चिकटवली आणि घरी गेले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं, आजारी आहेस का?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." बुधवारीही गेले, बाटल्या धुतल्या, बोलले नाही. मला निवृत्त व्हायला चार वर्षं होती. मी मनाला सांगत होते की बॅटरीचं पाणी खराब असेल, मी चुकले असेन, कोणीतरी दुसरा शोधून काढेल.

गुरुवारी सकाळी दोन गोष्टी एकदम कानावर आल्या. सर फोनवर कोणाला तरी सांगत होते, "नाही, तिची परीक्षा आता होणार नाही. आकड्यांमध्ये गडबड केली असावी, मी चौकशी लावतोय." आणि फोन ठेवल्यावर दार उघडून मला म्हणाले, "झम्फिराबाई, इस्पितळात गेल्या आठवड्यात पाठवलेले तुकडे उद्या वापरणार आहेत. पहिली रुग्ण मिळाली. ततराश भागातली पाववाली आहे, आग्लाया नावाची. भट्टीच्या दारावर कोपरापर्यंत हात भाजलाय. निदान एक तरी चांगली बातमी."

त्या तुकड्यांमध्ये नव्व्याण्णव भाग माझ्या नळाचं पाणी होतं. वीस वर्षं जुन्या पाइपातून आलेलं, आठ वर्षं कुजलेल्या फिल्टरमधून गेलेलं. आणि ते उद्या कोणा बाईच्या सोललेल्या हातावर ठेवणार होते.

मी सरांना विचारलं नाही. सरळ जिन्याखाली गेले आणि इस्पितळात फोन लावला. वॉर्डाचे डॉक्टर मोरूझ फोनवर आले.

"ते जेल लावू नका," मी म्हटलं.

"कोण बोलतंय?"

"मी ह्रिस्कू सरांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुते. त्यातलं पाणी शुद्ध नाही. नळाचं आहे."

ते अगदी हळू म्हणाले, "बाई, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय का?"

"तुम्ही वाफेवर निर्जंतुक केलंय, मला ठाऊक आहे. पण..."

"जंतू मेले असतील हो! पाण्यात बाकी काय काय आहे? मी त्या बाईला सांगून सही घेतलीय. लाकूड आणि शुद्ध पाणी, दुसरं काही नाही, असं मी तिला माझ्या तोंडाने सांगितलंय!" त्यांचा आवाज चढत गेला. "किती दिवस हे असं चाललंय?"

"आठ वर्षं."

त्यांनी फोन आपटला. पण तुकडे फेकून दिले, हे मला नंतर कळलं.

मग मी कात्रिनेलला फोन करून बोलावून घेतलं, आणि दोघांना सरांच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. पट्टी टेबलावर ठेवली, तारखेची बाजू वर करून. बाजूला वही, सप्टेंबरच्या पानावर उघडलेली.

सर आधी हसले. "झम्फिराबाई, तुम्ही दमलाय."

"सर, तुम्ही स्वतः करा. ही डिस्टिल्ड वॉटरची बाटली घ्या."

त्यांनी केलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, कित्येक वर्षांत स्वतःच्या हाताने काही फेटलं नव्हतं. आम्ही तिघं तीन तास त्या साच्याभोवती बसलो. कात्रिनेल गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होती. वेळ झाली तेव्हा सरांनी साचा उचलला आणि ते सगळं टेबलाच्या कडेवरून त्यांच्या बुटांवर सांडलं. ते बाजूला झाले नाहीत. बुटांकडे बघत राहिले.

मग ते कपाटाशी गेले, एक जुनी फाइल काढली, एक पान शोधलं आणि कात्रिनेलपुढे ठेवलं.

"दोन हजार तेरा," ते म्हणाले. "वडी जाळून राखेत काय उरतं ते बघितलं होतं. हे बघ. कॅल्शियम. भरपूर."

कात्रिनेलने पान वाचलं. "तुम्ही पाहिलं होतंत?"

"पाहिलं होतं. मला वाटलं, लाकडातलं असेल. झाडात असतंच थोडंफार." त्यांनी चष्मा काढला. "थोडंफार असतं. एवढं नसतं. मी तेव्हा दहा मिनिटं विचार केला असता तर... मला तो विचार करायचाच नव्हता."

मला वाटत होतं कात्रिनेल आता त्यांच्यावर तुटून पडेल. ती माझ्याकडे वळली.

"तुम्हाला मंगळवारी कळलं?"

"हो."

"आज गुरुवार आहे."

"हो गं, पण मी..."

"मंगळवारी दुपारी मी खिडकीत बसले होते, मावशी. पाचव्या मजल्यावरच्या. आई घरी नसती तर काय केलं असतं मला माहीत नाही. आणि तुम्हाला तेव्हा माहीत होतं."

मी तिचा हात धरायला गेले. तिने हात मागे घेतला, रागाने नाही, अगदी सावकाश, आणि उठून खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

सरांनी तिथूनच पोलंडला फोन लावला, आवाज मोठा करून, आम्हाला दोघींनाही ऐकू जावा असा.

"डॉक्टर वोयनार, तुमच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर कॅल्शियमचं मीठ टाका आणि पुन्हा करून बघा."

"पण तुम्ही तर म्हणता की तिसरं काही नसतं," पलीकडून बाई म्हणाल्या.

"मी चुकीचं म्हणत होतो. आठ वर्षं. त्या मुलीच्या हातून काहीही चुकलेलं नाही, उलट तुमच्या टेबलावर जे सांडलं तेवढंच खरं होतं. हे मी तुम्हाला लेखी देतो."

दुसऱ्या दिवशी वोयनारबाईंचा फोन आला. एकच वाक्य. "उभं राहिलं."

सरांनी सातही निबंध स्वतःहून मागे घेतले. कोणी मागायच्या आधी. चूक माझी, असं प्रत्येक पत्रात लिहिलं, माझं नाव कुठेही घातलं नाही. मला हे आवडलं नाही, मी तसं म्हटलंही, तर म्हणाले, "बाई, पाणी कुठून येतं हे विचारायचं काम माझं होतं." उन्हाळ्यात ते निवृत्त झाले, मुदतीच्या एक वर्ष आधी. निरोपाचा समारंभ नको म्हणाले. भिंतीवरचा तो कागद मात्र काढून घेऊन गेले. मला संस्थेकडून ताकीद मिळाली, लेखी, आणि नोकरी राहिली.

कात्रिनेलने प्रबंध नव्याने लिहिला. विषय तोच, पण उलट्या बाजूने: पाण्यात कॅल्शियम किती असलं की तंतूंच्या गाठी बसतात, कितीला जेल घट्ट होतं, कितीला पाणी पिळून बाहेर टाकतं. दीड वर्ष जास्त लागलं. रोज आमची गाठ पडायची. ती मला झम्फिराबाई म्हणायला लागली. कामापुरतं बोलायची, नीट बोलायची, आणि मी त्यावर कधी काही म्हटलं नाही.

आग्लाया पाववालीचं नाव मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी मी ट्रॅमने ततराशला गेले, दुकान शोधून काढलं. छोटंसं दुकान, आत पावाचा आणि भाजलेल्या भोपळ्याचा वास. ती स्वतःच उभी होती, पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याला फडकं बांधलेलं. उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुलाबी आणि ओढलेली. मी पाव मागितला आणि माझी नजर तिच्या हातावरच राहिली.

"बघताय काय, भाजलाय," ती म्हणाली. "चार महिने गेले बरा व्हायला. अजून मूठ नीट वळत नाही."

"इस्पितळात चांगलं बघितलं का तुमच्याकडे?"

"बघितलं की. काहीतरी नवीन लावणार होते म्हणे, लाकडापासून केलेलं. त्याने लवकर भरतं, डाग राहत नाही, असं सांगितलं होतं. मी देवासमोर मेणबत्तीसुद्धा लावून आले होते. आणि ऐनवेळी रद्द! कोणीतरी तिकडे घोळ घालून ठेवला होता." तिने पाव कागदात गुंडाळला. "असा राग आला होता मला. कोण असतात हो ही माणसं?"

माझ्या मागे दोन बायका उभ्या होत्या. मला गप्प बसता आलं असतं.

"मी," मी म्हटलं.

"काय मी?"

"घोळ मी घातला होता. आणि लावू नका म्हणून फोनही मीच केला होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर. पाव तिच्या हातात होता, तो तिने माझ्यापुढे ठेवला, माझे पैसे घेतले नाहीत आणि पाव उचला असंही म्हणाली नाही. मग माझ्या खांद्यावरून मागच्या बाईकडे बघून म्हणाली, "हं, तुम्हाला काय हवं?"